टांग्यातून सुटलेल्या घोड्याला घर

'लष्कर' हे आपल्या वस्तीचे नावच मुळी फौजेच्या तळावरून पडले. इ. स. १८१० मध्ये दौलतराव शिंदे यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला. पुढे तंबूंच्या जागी वाडे उभे राहिले आणि तळाचे शहर झाले. आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज दक्षिणेतून येथे आले ते घोड्याच्या पाठीवर, नाही तर घोड्याच्या मागोमाग. कालांतराने स्वारीचा घोडा गेला आणि टांग्याचा आला. स्टेशनावरून बाड्यावर, बाड्यावरून मुरारला जावयाचे तर टांगा, ही कित्येक वर्षांची सवय होती. आजारी माणसापासून नव्या सुनेच्या पेट्यांपर्यंत सर्व काही त्याने वाहिले. आता ती जागा रिक्षांनी आणि विजेवर चालणाऱ्या गाड्यांनी घेतली आहे.

या बदलाबद्दल आम्हांस गळा काढावयाचा नाही. जेठाच्या उन्हात, तापलेल्या डांबरावर, सहा माणसे आणि त्यांचे सामान ओढणारा अर्धपोटी घोडा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना जुन्या टांग्याचे कौतुक बेताचेच वाटेल. प्रश्न निराळा आहे. टांगा बंद झाला की गाडी मोडीत काढता येते; घोडा मोडीत काढता येत नाही. नीट राखलेला घोडा पंचवीस ते तीस वर्षे जगतो. बाराव्या-पंधराव्या वर्षी त्याचे काम सुटले तर तेवढेच आयुष्य अजून त्याच्यापुढे असते. त्या वर्षांचे काय करावयाचे, हा या लेखाचा विषय आहे.

आज बहुधा तीनांपैकी एक गोष्ट घडते. घोडा अंगणात बांधून राहतो आणि मिळकत थांबल्यामुळे त्याची चंदी दिवसेंदिवस घटत जाते. किंवा एखादा दलाल येतो, पडेल त्या भावाने घोडा नेतो, आणि तो पुढे वीटभट्टीवर जुंपला जातो. किंवा एके रात्री त्याची दावी सोडून त्याला रस्त्यावर हाकलतात. या तिन्ही गोष्टींना लोक 'घोड्याची सोय लावली' असे म्हणतात. ती सोय नव्हे. घोड्याला घर पाहणे म्हणजे आपल्या डोक्यावरचे ओझे उतरविणे नव्हे. ते एका हातातून दुसऱ्या हातात, मोजून आणि पाहून, ठेवणे होय. सबंध लेखाचे सार या एका वाक्यात आहे; पुढे सांगावयाचे ते सर्व त्याचाच विस्तार.

दोन शहरांचे धडे

हा प्रश्न आपल्याच शहराचा आहे असे नाही. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश फौजेने आपले हजारो घोडे परत नेण्याऐवजी इजिप्तमध्ये विकून टाकले. विकताना कोणास दुष्टावा करावयाचा नव्हता. हिशेब मिटवावयाचा होता, इतकेच. इ. स. १९३० मध्ये डॉरथी ब्रुक नावाची एका ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याची पत्नी कैरोस आली, तेव्हा हे घोडे म्हातारे, लंगडे, काही तर आंधळे होऊन गाड्या ओढीत होते. त्या बाईने १९३१ साली लंडनच्या 'मॉर्निंग पोस्ट' या पत्रास एक पत्र लिहिले आणि लोकांनी पैसा पाठविला. पुढील तीन-चार वर्षांत सुमारे पाच हजार घोडे तिने मालकांकडून पैसे देऊन सोडविले आणि १९३४ साली कैरोत घोड्यांसाठी मोफत दवाखाना काढला. तिच्या नावाची संस्था पुढे अनेक देशांत गेली. भारतातील वीटभट्ट्यांवरच्या आणि टांग्यांच्या जनावरांसाठीही तिने काम केले आहे.

या हकिकतीत दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली ही, की ब्रुकबाईने गरीब गाडीवानांना शिव्या दिल्या नाहीत, पैसे दिले. घोडा हेच ज्याचे भांडवल, त्याच्यापुढे भूतदयेचे व्याख्यान झोडून उपयोग नसतो. दुसरी गोष्ट कडू आहे. सोडविलेल्या घोड्यांपैकी बहुतेकांची स्थिती इतकी वाईट होती, की काही दिवस विश्रांती आणि पोटभर खाणे देऊन त्यांना वेदनेविना मरण देणे एवढेच शक्य होते. विक्रीच्या दिवशी थोडा विचार झाला असता तर पुढची बारा वर्षे टळली असती.

दुसरा धडा मुंबईचा. तेथील व्हिक्टोरिया गाड्यांविरुद्ध एका प्राणिसेवी न्यासाने अर्ज केला. त्यावर मुंबई उच्च न्यायालयाने ८ जून २०१५ रोजी, केवळ मौजेच्या सफरीसाठी या गाड्या चालविणे बेकायदेशीर ठरविले आणि त्या बंद करण्यास एक वर्षाची मुदत दिली. त्याच निकालात, घोड्यांचे आणि गाड्यांवर पोट असणाऱ्या कुटुंबांचे पुनर्वसन कसे करावयाचे त्याची योजना सरकारने आखावी, असेही सांगितले. पुढे २०२१ साली जुन्या घाटाच्या पण विजेवर चालणाऱ्या गाड्या मुंबईत आल्या. न्यायालयाने घोडा आणि माणूस यांना एकाच निकालात बसविले, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते. गाडीवानाच्या घरची चूल पेटत नसेल तर घोड्याचा तोबरा भरणार कोठून?

प्रथम घोडा ओळखावा

घर शोधण्यास निघण्यापूर्वी आपल्यापाशी कोणता घोडा आहे हे नीट जाणले पाहिजे. 'धर्माची गाय आणि दात का गं नाय' ही म्हण आपण जन्मभर ऐकली; परंतु या कामी दात अवश्य पाहावेत. मध्यला दाताच्या जोडीचे दुधाचे दात अडीच वर्षांच्या सुमारास पडून पक्के दात येतात, दुसरी जोडी साडेतीन वर्षांस आणि कडेची साडेचार वर्षांस. दहाव्या वर्षाच्या सुमारास वरच्या कडेच्या दातावर हिरडीपाशी एक उभी खाच दिसू लागते. पंधराव्या वर्षी ती निम्म्या दातापर्यंत उतरते आणि विसाव्या वर्षी टोकास पोहोचते. हा अंदाज आहे, जन्मपत्रिका नव्हे. पण 'आठ वर्षांचा आहे' म्हणून सांगितलेला घोडा अठराचा तर नाही ना, एवढे त्यावरून कळते. दातांचा दुसरा उपयोग असा, की कडा धारदार झालेल्या दाढांमुळे घोडा दाणा चावू शकत नाही, खाऊनही वाळत जातो, आणि लोक म्हणतात की म्हातारपण आले. पशुवैद्याने दाढा घासून दिल्या की तोच घोडा पुष्कळदा भरून येतो.

नंतर पाय. टांग्याच्या घोड्याचे सर्व आयुष्य त्याच्या चार खुरांवर लिहिलेले असते. कठीण जमिनीवर त्याला सरळ चालवून, वळवून आणि थोडे दुडके पळवून पाहावे. मान प्रत्येक पावलागणिक वर-खाली होत असेल तर पुढच्या पायात दुखणे आहे असे समजावे. खांद्यावर आणि पाठीवर पट्ट्यांचे घाव, गुडघ्यांवर पडल्याच्या खुणा, डोळ्यांत सारा, विश्रांतीत असतानाही चढलेला श्वास, हे सर्व पाहावे. स्वस्थ उभ्या घोड्याची नाडी मिनिटास साधारण २८ ते ४४ आणि श्वास ८ ते १६ असतात. ताप नसेल तर अंगाची उष्णता ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सियस असते.

सर्वांत शेवटी, पण सर्वांत महत्त्वाचा, स्वभाव. हा घोडा मुलांना चालतो काय? कुत्र्यांना लाथ मारतो काय? एकटा राहिला तर खिंकाळून दावे तोडतो काय? मोटारीच्या कर्ण्याला तो भीत नाही हे खरे, पण ट्रॅक्टर, म्हशी आणि मोकळे रान त्याने कधी पाहिले आहे काय? डोळ्यांवर ढापणे बांधून ज्याने दहा वर्षे काढली, त्याला ढापणे काढल्यावर दिसणारे जग सवयीचे नसते. ही माहिती पशुवैद्यापाशी नसते. ती टांगेवाल्यापाशी असते. म्हणून त्याच्याजवळ बसून, घाई न करता, ती एका वहीत उतरून घ्यावी. घोड्याचे दोषही त्याच वहीत लिहावेत. दोष लपवून दिलेला घोडा महिन्याभरात परत येतो, किंवा परत न येता पुढे विकला जातो. आणि दुसरी गोष्ट पहिलीहून वाईट.

खर्चाचा हिशेब

आपल्यातील पुष्कळ सज्जन 'आमच्या शेतावर एक घोडा सहज राहील' असे म्हणतात. त्यांच्या मनाच्या मोठेपणाबद्दल शंका नाही. परंतु मन मोठे असले तरी वैरण मोजूनच लागते. घोड्यास रोज त्याच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के सुका चारा लागतो. आपल्याकडील टांग्याचा घोडा तीनशे किलोचा धरला तर रोजचे सहा किलो झाले, आणि वर्षाचे जवळजवळ दोन हजार दोनशे किलो. आपल्या गावच्या भावाने ज्याने त्याने गुणून पाहावे. पाणी रोज २५ ते ४० लिटर. आपल्याकडे पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो तेव्हा याहूनही अधिक. दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून खूर तासून घ्यावे लागतात, मग घोडा काम करीत असो वा नसो. धनुर्वाताची लस, जंतांचे औषध आणि वर्षातून एकदा दातांची तपासणी ही निराळीच. निवाऱ्यासाठी बारा फूट लांब-रुंद, वारा खेळणारी, कोरड्या जमिनीची जागा हवी, आणि हिंडण्यास कुंपण घातलेले मोकळे अंगण.

एवढे सर्व केले आणि घोडा एकटा ठेवला तर अर्धे काम राहिले. घोडा हे कळपात राहणारे जनावर आहे. दुसरा घोडा मिळाला तर उत्तमच. न मिळाल्यास गाढव, गाय, निदान शेळ्या तरी दृष्टीस पडाव्यात. ज्या घरी सकाळ-संध्याकाळ पाहणारे माणूस नाही, मालक महिन्यातून एका रविवारी येतात आणि बाकीचे दिवस चौकीदाराच्या भरवशावर, त्या घरी कितीही एकर रान असले तरी घोडा देऊ नये.

घरांचे प्रकार

आता घरे कोणती ते पाहू. पहिले, हलक्या कामाचे घर. बारा-तेरा वर्षांचा, पायांनी धड असलेला घोडा एकाएकी रिकामा बसविणे त्याच्याही हिताचे नसते. शेतावरून दुधाचे कॅन आणणे, थोडासा चारा वाहणे, असे बेताचे काम असलेला समजूतदार शेतकरी मिळाला तर ते चांगले घर. कामाची मर्यादा मात्र ठरवून द्यावी, आणि ती आपल्या मनाची नव्हे. सामान वाहणाऱ्या व गाडीस जुंपलेल्या जनावरांविषयी केंद्र सरकारने १९६५ साली केलेल्या नियमांत ती दिलेलीच आहे: दिवसातून एकंदर नऊ तासांहून अधिक काम नाही, विश्रांतीशिवाय सलग पाच तासांहून अधिक नाही, पारा ३७ अंशांवर असेल तेव्हा दुपारी बारा ते तीन जुंपणे नाही, आणि गाडीत हाकणारा व सहा वर्षांखालील मुले सोडून चारांहून अधिक माणसे नाहीत. कामातून सुटलेल्या घोड्यास याच्या निम्मेच काम द्यावे, असे आमचे मत आहे.

दुसरे, वरातीचे घर. टांग्याची घोडी वरातीस द्यावी ही सूचना नेहमी होते, कारण त्यात चार पैसे आहेत. रस्त्याच्या गोंगाटास सरावलेले जनावर वरातीसही सरावेल असे आपण समजतो. परंतु कानाशी वाजणारा बँड, पायांशी फुटणारे फटाके आणि रात्री दोन वाजेपर्यंतचे जागरण ही गोष्ट वेगळी. शांत स्वभावाची तरुण घोडी आणि माणुसकीचा मालक असा योग असेल तरच याचा विचार करावा. थकलेल्या जनावरासाठी मुळीच नाही.

तिसरे, पांजरपोळ किंवा प्राण्यांचा आश्रम. गुजरात-माळव्याकडे पांजरपोळांची परंपरा जुनी आणि आदरणीय आहे. तथापि पुष्कळ ठिकाणी व्यवस्था गाईंच्या मानाने केलेली असते. गाय रवंथ करते, घोडा करीत नाही. बुरशी आलेला जो कडबा गाय कशीबशी पचविते, त्याने घोड्याला पोटशूळ होतो, आणि पोटशूळ घोड्याचा प्राण घेतो. तेव्हा पांजरपोळात जाऊन तीन प्रश्न विचारावेत: येथे आज किती घोडे आहेत, नालबंद शेवटी केव्हा आला होता, आणि घोड्यांचा पशुवैद्य कोण. उत्तरे लगेच मिळाली तर निश्चिंत व्हावे.

चौथे घर पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. ते म्हणजे जुने घर. टांगेवाल्याचे घोड्यावर प्रेम असते, त्याच्या मुलांचे त्याहून अधिक; नसतो तो फक्त चंदीचा पैसा. नवा धंदा लागेपर्यंत, किंवा घोडा असेपर्यंत, कोणी महिन्याच्या वैरणीचा आणि नालबंदाचा भार उचलला तर घोडा आपल्या ओळखीच्या खुंट्याला, ओळखीच्या हातांत राहतो. दहा मैलांवर नवी पागा बांधण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त आणि पुष्कळदा अधिक चांगले. घोड्याला घर शोधताना प्रथम याच दाराशी थांबावे, असे आम्ही आग्रहाने सांगू.

कोठे देऊ नये, हेही सांगितले पाहिजे. 'फुकट द्यावयाचा आहे' अशी जाहिरात कधीही करू नये. फुकट घोड्यासाठी पहिला धावत येतो तो दलाल. आणि त्याच्यापाशी शेत, कुरण, नातवंडांची हौस या सर्वांच्या गोष्टी तयार असतात. ठिकाण आपण स्वतः पाहिल्यावाचून, शेजाऱ्यापाशी चौकशी केल्यावाचून आणि त्या गावच्या पशुवैद्याशी बोलल्यावाचून घोडा हलवू नये. ज्याला ठिकाण दाखविण्यास सवड नाही, त्याला घोडा ठेवण्यासही सवड नसणार.

कागद आणि तपासणी

शब्दावर व्यवहार करणारी आपली जुनी रीत थोर होती. तरी येथे कागद करावा. घोड्याचे वर्णन, रंग, खुणा आणि छायाचित्र, देणाऱ्या-घेणाऱ्याची नावे, आणि अटी अशा: घोडा पुढे विकावयाचा अथवा द्यावयाचा नाही, भट्टीवर वा भाड्याने जुंपावयाचा नाही, घोडी असल्यास फळवावयाची नाही, आजारपणात कळवावयाचे, देणाऱ्यास केव्हाही येऊन पाहण्याची मुभा राहील, आणि ठेवणे अशक्य झाले तर देणाऱ्यासच परत करावयाचा. इंग्लंडमध्ये अशा काही संस्था जनावराची मालकी स्वतःकडेच ठेवून ते केवळ सांभाळावयास देतात. ही रीत आपणही घेण्यासारखी आहे, कारण मालकी आपली असली की परत मागण्याचा हक्कही आपला राहतो. आणि कागद करून पेटीत ठेवू नये. महिन्याने एकदा, तिमाहीस एकदा, पुढे वर्षातून दोनदा प्रत्यक्ष जाऊन पाहावे. फासळ्या खोटे बोलत नाहीत.

तपासणीत एक रोग विसरता कामा नये. तो म्हणजे ग्लँडर्स. घोडे, खेचरे व गाढवे यांना होणारा हा जिवाणूचा रोग माणसालाही होतो. नाकातून चिकट स्राव, अंगावर गाठी आणि जखमा ही त्याची लक्षणे. पण कित्येक जनावरांत ती उघड दिसत नाहीत. यावर लस नाही. २००९ सालच्या जनावरांच्या साथीच्या रोगांविषयीच्या कायद्यात याची नोंद असून रोग आढळल्यास सरकारी पशुवैद्यकीय खात्यास कळविणे बंधनकारक आहे. रोगी जनावरास वेदनारहित मरण देतात आणि मालकाला भरपाईची तरतूद आहे. रक्ततपासणीचे देशातील प्रमुख स्थान हरियाणातील हिस्सारचे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र होय. जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून रक्ताचा नमुना पाठवून, रोग नसल्याचा दाखला हाती आल्यावरच घोडा हलवावा. प्रवासास योग्य असल्याचा दाखलाही १९७८ च्या जनावरांच्या वाहतुकीच्या नियमांप्रमाणे लागतो.

नव्या घरातील पहिले महिने

प्रवास पहाटे करावा, तळाशी वाळू किंवा गवत पसरावे आणि वाटेत पाणी द्यावे. घोड्याबरोबर त्याचे जुने दावे, त्याचा तोबरा आणि दहा दिवसांचे त्याचे नेहमीचे खाणे पाठवावे. खाण्यातला बदल एकदम केला तर पोटशूळाला आमंत्रण. नवा चारा रोज थोडा वाढवीत आठ-दहा दिवसांत पूर्ण करावा. नव्या ठिकाणी इतर घोडे असतील तर पहिले दोन-तीन आठवडे त्याला निराळे ठेवावे. आणि शक्य झाल्यास टांगेवाल्याने एक-दोन दिवस तेथे राहावे. घोड्याला नवी जागा कळावयास वेळ लागतो, पण ओळखीचा आवाज ताबडतोब कळतो. त्याचे नाव मुळीच बदलू नये.

येथे प्रेमानेच एक घोटाळा होतो. बिचाऱ्याने जन्मभर कष्ट केले, आता पोटभर हरभरे खाऊ द्या, असे म्हणून लोक चंदी वाढवितात. नेमके उलट करावयास हवे. काम बंद झाले की दाणा कमी आणि गवत अधिक. पूर्वी युरोपात ओढकाम करणारे घोडे रविवारी पूर्ण दाणा खाऊन उभे राहत आणि सोमवारी जुंपताच त्यांच्या पुठ्ठ्याचे स्नायू लाकडासारखे आखडत. तेथील लोकांनी त्या दुखण्याला सोमवारचाच आजार म्हटले. फार दाण्याने खुरांच्या आत दाह होऊन घोडा कायमचा लंगडाही होतो. रोज थोडे हिंडवावे, नाल काढून टाकले तर खूर सरावेपर्यंत मऊ जमिनीवरच चालवावे, मिठाचा खडा पुढे ठेवावा, आणि रोज खरारा करावा. खरारा केवळ अंग स्वच्छ करण्यासाठी नसतो. हात फिरविताना गाठ, जखम, सूज ही सारी पहिल्याच दिवशी हाताला लागते.

घर मिळाले नाही तर

कित्येकदा सर्व प्रयत्न करूनही घर मिळत नाही, किंवा घोडाच घराच्या पलीकडे गेलेला असतो. मोडलेला पाय, न थांबणारी वेदना, उठता न येणे, अशा स्थितीत त्याला 'देवाच्या इच्छेवर' सोडून देणे ही आम्ही दया समजत नाही. भुकेने वा तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर टाकून देणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. आणि ज्या जनावराला जगविणे हेच क्रौर्य ठरेल त्याला मरण देण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. हा विषय आपल्या घरांत बोलण्यास कठीण आहे, हे आम्ही जाणतो. १९२८ साली साबरमती आश्रमात असह्य यातना भोगणाऱ्या एका वासरास महात्मा गांधींनी डॉक्टरकडून सुई देवविली, तेव्हा देशभर त्यांच्यावर टीकेचा गदारोळ उठला. तरी अहिंसेच्या त्या उपासकाने आपल्या कृत्याचे उघड समर्थन केले. आपले मन न धजले तर निदान पशुवैद्यास बोलवावे आणि निर्णय त्याच्याबरोबर, घोड्याच्या डोक्याशी बसून घ्यावा. रात्रीच्या अंधारात दावे सोडून नव्हे.

आपल्या संस्थेने काय करावे

महोत्सवी वर्षात संस्थेपुढे शिष्यवृत्त्या, सभागृह, वैद्यकीय साह्य अशी अनेक कामे आहेत, आणि माणसांची कामे आधी हे आम्हांसही मान्य आहे. येथे मोठ्या इमारतीची किंवा नव्या पागेची आम्ही मागणी करीत नाही. शहरात टांग्यातून सुटलेले घोडे किती, कोठे आणि कोणाचे, याची एक वही सभासदांनी करावी. ज्यांची शेते आहेत त्यांनी वरचा खर्चाचा हिशेब वाचून, घरच्या मंडळींना विचारून, जमत असेल तरच आपले नाव द्यावे. ज्यांच्यापाशी शेत नाही त्यांनी एका घोड्याच्या एका महिन्याच्या वैरणीचा भार घ्यावा. बारा कुटुंबे मिळाली की एका घोड्याचे वर्ष निघते. आपल्या तरुण मंडळींनी टांगेवाल्याला गाडीचे कर्ज, परवाना, अर्ज या कामी मदत करावी, कारण माणसाची सोय लागली की घोड्याचा निम्मा प्रश्न सुटतो. आणि पाहून येण्याचे काम निवृत्त सभासदांनी घ्यावे. त्यांच्यापाशी सवडही असते आणि खोटे ओळखण्याची नजरही.

घोडा कृतज्ञता बोलून दाखवीत नाही, आणि त्याच्या नावाने कोनशिलाही बसत नाही. परंतु ज्याच्या पाठीवरून आपण या गावात आलो आणि ज्याच्या मागे बसून या गावात दोन पिढ्या हिंडलो, त्याच्या म्हातारपणी वैरणीची पेंढी आपल्या घरून गेली, एवढे पुढच्या महोत्सवाच्या स्मरणिकेत छापता आले तर संस्थेच्या जमाखर्चातील ती नोंद कोणाच्याही मागे पडणार नाही.